दाबाखालच्या काँक्रीटच्या प्रिझममध्ये मीठ कमी शिरलं आणि एक प्रिझम रात्रीत फुटला. कारण काय असेल?

मिठातलं_काँक्रीट (धागाकर्ती)

नमस्कार. एम.टेक.चं दुसरं वर्ष, प्रबंधाचं काम निम्म्यावर आलंय आणि दोन निकालांपाशी अडकले आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर कुणी काय सांगणार?

काँक्रीटच्या टिकाऊपणावरचे प्रयोग वाचताना मला एक गोष्ट कायम खटकायची. क्यूब, म्हणजे काँक्रीटचे घनाकार ठोकळे, क्युअरिंगच्या (पाण्यात मुरवण्याच्या) टाकीतून काढतात, मिठाच्या पाण्यात ठेवतात आणि काही महिन्यांनी मीठ किती आत गेलं ते मोजतात. त्या क्यूबवर भार कसलाच नसतो. ताकदीची चाचणी त्याउलट स्वच्छ खोलीत, काही मिनिटांत उरकते. तिथे ना मीठ ना ऊन. खरा खांब मात्र भार अंगावर घेऊन उभा असतो आणि त्याच अवस्थेत भिजतो, वाळतो, मीठ शोषतो. म्हणून मी ठरवलं की भार आणि मीठ एकाच वेळी द्यायचं.

मांडणी अशी आहे. १०० × १०० × ४०० मिमीचे प्रिझम (लांबट चौकोनी ठोकळे), साधं पोर्टलंड सिमेंट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५, २० मिमीची खडी. २८ दिवसांच्या क्यूबची सरासरी ४८ एमपीए. (एमपीए, म्हणजे मेगापास्कल, हे दाब सोसायच्या ताकदीचं माप.) पहिल्या गटावर भार नाही, दुसऱ्यावर ताकदीच्या ३० टक्के दाब, तिसऱ्यावर ६० टक्के. प्रत्येक प्रिझमला स्वतःची चौकट: वरखाली जाड प्लेटा, चार कोपऱ्यांत २४ मिमीचे आट्यांचे रॉड, खाली बशीसारख्या डिस्क स्प्रिंगांची चळत. जॅकने दाब द्यायचा, नट आवळायचे, जॅक सोडायचा. एक बाजू उघडी ठेवून बाकी सगळीकडे इपॉक्सी. दर आठवड्याला तीन दिवस ५ टक्के मिठाच्या पाण्यात, चार दिवस बाहेर, असे १२० दिवस. चौथा गट बीमचा. दोन बीम पाठीला पाठ लावून, मध्ये रोलर ठेवून, टोकं बोल्टने आवळली, म्हणजे दोघांची बाहेरची बाजू ताणाखाली येते. तिथे वाकण्याच्या ताकदीच्या निम्मा भार आहे.

१२० दिवसांनी नमुने फोडले आणि ताज्या पृष्ठभागावर ०.१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट फवारलं. जिथे क्लोराइड (मिठातला घटक) पोचलंय तिथे पांढरट, बाकी तपकिरी. भार नसलेल्यांत सरासरी १४ मिमी. ६० टक्क्यांत १९. बीमच्या ताणाच्या बाजूला २१. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. पण ३० टक्के दाबाखालच्या तिन्ही प्रिझममध्ये सरासरी ११ आली. म्हणजे भार न दिलेल्यापेक्षाही कमी! मार्गदर्शक म्हणाले, दाब नीट बसला नसेल.

दुसरा पेच जास्त छळतोय. ६० टक्क्यांच्या तीनपैकी एक प्रिझम ५३व्या रात्री आपोआप फुटला. सकाळी लॅब उघडली तर तो चौकटीतच तिरका सरकलेला, मिठाच्या पाण्यात भुगा पडलेला, स्प्रिंगा मोकळ्या. त्याच्या आधीच्या आठवड्यात उघड्या बाजूवर केसासारख्या दोन उभ्या रेषा दिसल्या होत्या, त्या मी इपॉक्सीचे ओघळ समजून सोडून दिल्या. मार्गदर्शकांचं म्हणणं, भरताना चूक झाली असेल, तो नमुना वगळून टाक. पण तो मी स्वतः भरलाय. टेबलावर व्हायब्रेट केला होता आणि साचा उघडला तेव्हा एकही हनीकॉम्ब (खडीत राहिलेली पोकळी) नव्हता. वगळायला मन घेत नाही.

तर विचारायचं हे, की ३० टक्क्यांचा आकडा खरा मानू का? आणि त्या फुटलेल्या प्रिझमचं काय करू?

---

जुना_हातोडा

दुरुस्तीच्या कामात एकतीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी खाऱ्या हवेतल्या काँक्रीटवर. तुमचा ३० टक्क्यांचा आकडा खरा आहे. तो बदलू नका, दडवू नका. आंतरराष्ट्रीय पातळीवर हेच पाहण्यासाठी रायलेमची (बांधकाम साहित्यावर काम करणाऱ्या संशोधकांच्या संघटनेची) एक समिती नेमली होती, टीसी २४६-टीडीसी. तिने भार आणि क्लोराइड एकत्र देऊन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत चाचण्या घेतल्या. मध्यम दाबाखाली क्लोराइड आत जायचा वेग कमी, दाब वाढवला की जास्त, आणि ताणाखाली पहिल्यापासूनच जास्त, असं चित्र तिथेही दिसलं. तुमचे चारही आकडे त्यात बसतात.

आता कारण. काँक्रीट भार यायच्या आधीच भेगाळलेलं असतं, हे एकदा मनात पक्कं करायला हवं. खडी आणि सिमेंटची लुकण (घट्ट झालेला सिमेंटचा लगदा) यांच्या मधोमध एक पातळ थर असतो, साधारण २० ते ५० मायक्रोमीटर जाडीचा. तिथे पाणी जास्त साचतं, छिद्रं जास्त राहतात, कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे स्फटिक मोठे वाढतात. वाळताना लुकण आकसते, खडी आकसत नाही, आणि मग त्या थरात बारीक भेगा पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण मिठाला वाट द्यायला पुरतात. हलका दाब आला की भाराला आडव्या असलेल्या भेगांचे ओठ मिटतात आणि छिद्रंही थोडी दबतात. तुमच्या चौकटीत भार उभा आहे आणि मीठ बाजूने आडवं शिरतंय. म्हणजे मिठाच्या ज्या वाटा होत्या, त्याच भाराने बंद केल्या.

ताकदीच्या ३० ते ४० टक्क्यांपर्यंत भेगा जवळपास आहेत तशा राहतात. त्याच्या पुढे खडीच्या कडेच्या भेगा लांबायला लागतात, मग लुकणीत घुसून एकमेकींना गाठतात. या नव्या भेगा भाराला समांतर, म्हणजे उभ्या असतात, कारण दाबाखाली काँक्रीट बाजूला फुगतं आणि त्याची ताण सोसायची ताकद दाब सोसायच्या ताकदीच्या जेमतेम दहावा भाग असते. ७५-८० टक्क्यांच्या आसपास तर एक विचित्र गोष्ट घडते. तोवर दाबाखाली आकारमान कमी होत असतं, ते उलट वाढायला लागतं. ठोकळा दाबला जातोय आणि तरी फुगतोय. आतली पोकळी इतकी झालेली असते. तिथून पुढे भेगा वाढायला भार वाढवावा लागत नाही, नुसता वेळ पुरतो.

हे शेवटचं वाक्य तुमच्या ५३व्या रात्रीशी जोडून पाहा. जर्मन संशोधक ह्यूबर्ट रुश यांनी १९६० मध्येच दाखवून दिलं होतं की थोड्या मिनिटांत मोजलेल्या ताकदीच्या साधारण ८० टक्के भार काँक्रीटवर कायम ठेवला, तर ते पुढे कधीतरी फुटतं. ६० टक्क्यांना मात्र फुटायला नको. तेव्हा तिथे काहीतरी सुटलंय, आणि ते भरण्यातलं नसावं असं माझं मन सांगतं.

एक विचारतो. प्रिझम उभा ओतला होता की आडवा? ओतताना खडीखाली पाणी वर येऊन अडकतं आणि तिथे चपट्या पोकळ्या राहतात. आडवा ओतून नंतर उभा भार दिला, तर त्या पोकळ्या भाराला समांतर येतात आणि उभ्या भेगांना आयती सुरुवात मिळते.

---

मिठातलं_काँक्रीट

आडवेच ओतले होते, काका. उघडी बाजू म्हणजे साच्याची एक कड. तुम्ही म्हणता तशा पोकळ्या भाराला समांतर आणि मिठालाही सरळ आत नेणाऱ्या. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ६० टक्क्यांच्या नमुन्यांत पांढरा पट्टा सरळ रेषेत नव्हता, चार ठिकाणी दातांसारखा आत गेला होता. मी सरासरी काढून मोकळी झाले.

---

दाबयंत्र

तुमच्या मांडणीतलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. "२८ दिवसांच्या क्यूबची सरासरी ४८ एमपीए." ३० आणि ६० टक्के या ४८चे काढलेत का?

मी चाचणी प्रयोगशाळेत आहे, रोज क्यूब, सिलिंडर आणि प्रिझम तिन्ही तोडते. क्यूब ठेंगणा असतो. यंत्राच्या प्लेटा त्याला वरून-खालून घर्षणाने धरून ठेवतात, त्यामुळे त्याला बाजूला फुगू देत नाहीत आणि तो आहे त्यापेक्षा बळकट दिसतो. उंची रुंदीच्या चौपट असलेल्या प्रिझमच्या मधल्या भागापर्यंत ती पकड पोचत नाही. त्याच मिश्रणाचा प्रिझम साधारण क्यूबच्या ०.८ पट ताकद दाखवतो. म्हणजे तुमचे प्रिझम ३८ एमपीएच्या आसपास असणार.

आता हिशोब करा. ४८चे ६० टक्के म्हणजे २८.८ एमपीए. भागिले ३८. उत्तर ०.७६. तुम्ही ६० टक्के लिहिलंत, पण प्रिझमला ७६ टक्के सोसावे लागलेत. वर काकांनी सांगितलेल्या धोक्याच्या पट्ट्यात तो पहिल्या दिवसापासून उभा होता. शिवाय भिजलेलं काँक्रीट त्याच वयाच्या वाळलेल्या काँक्रीटपेक्षा कमी भार घेतं. दर आठवड्याला तुम्ही तीन दिवस त्याची ताकद थोडी खाली आणत होता आणि भार तेवढाच ठेवत होता. २८ दिवसांनंतर ताकद थोडी वाढत जाते, बाकीचे दोन बहुधा त्यावरच तगले. तिसरा थोडक्यात हरला.

भरण्यातली चूक असती तर प्रिझम जॅक लावतानाच फुटला असता किंवा पहिल्या काही तासांत. ५३ दिवस तग धरून रात्री, मिठाच्या पाण्यात असताना फुटला, हे सावकाश वाढलेल्या भेगेचं लक्षण आहे. आदल्या आठवड्यातल्या त्या दोन उभ्या रेषा इपॉक्सीच्या नव्हत्या. फोटो काढला होता का?

अजून एक. नट आवळल्यावर भार पुन्हा कधी मोजला? काँक्रीट भाराखाली हळूहळू आखूड होतं, तेवढ्याने स्प्रिंगांवरचा भार उतरतो. वाळताना आकसतं, भार आणखी उतरतो. भिजवलं की थोडं फुगतं, भार चढतो. रॉडवर स्ट्रेन गेज (लांबीतला बारीक बदल मोजणारं साधन) नसेल तर १२० दिवस नक्की किती भार होता ते तुम्हाला ठाऊकच नाही. आमच्याकडे आम्ही पहिला महिना दर आठवड्याला नट पुन्हा आवळतो आणि तरी आकडा थोडा घसरतोच.

---

मिठातलं_काँक्रीट

वाचून पोटात गोळा आला. हो, क्यूबच्याच ४८वर काढले. पद्धतीच्या पुस्तकात "ताकदीच्या टक्के" एवढंच लिहिलं होतं आणि मी कुठली ताकद ते विचारलंच नाही. त्याच ओतणीतले तीन प्रिझम शिल्लक आहेत, शुक्रवारी यंत्र मोकळं आहे, तोडते. रॉडवर गेज नाहीत. नट दोनदा आवळले, १४व्या आणि ३०व्या दिवशी, दर वेळी साधारण पाव फेरा फिरला. फोटो आहे, पण लांबून काढलेला.

---

नवशिका

प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा, मी अजून पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ३० टक्के दाबाने मीठ कमी शिरतं, तर मग भार असलेलं काँक्रीट बिनभाराच्या काँक्रीटपेक्षा जास्त टिकतं असं म्हणायचं का?

---

जुना_हातोडा

बाळबोध मुळीच नाही. उत्तर मात्र "कुठल्या बाजूला" यावर आहे. निव्वळ दाब घेणारा खांब मला कामात क्वचितच भेटला. बीम वाकतो तेव्हा वरची बाजू दबते आणि खालची ताणली जाते, आणि सळया असतात त्या मुख्यतः ताणाच्याच बाजूला. म्हणजे ज्या बाजूला गंजण्यासारखं काही आहे, नेमकी तीच बाजू उघडी पडते. दाबाचा तो फायदा सळईच्या फारसा वाट्याला येत नाही.

सळई वाचते ती काँक्रीटमधल्या क्षारतेमुळे. पीएच साडेबारा-तेराच्या आसपास असतो तोवर सळईवर एक अतिशय पातळ थर टिकतो आणि गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा कार्बोनेट करतो आणि पीएच नऊच्या खाली येतो, किंवा क्लोराइड तो थर जागोजागी फोडतो. मग गंज सुरू होतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जातं, आणि काँक्रीट आतून फाटतं. ते फाटलं की पाणी, मीठ, हवा सगळ्यांना सळईच्या बाजूने लांबच लांब वाट मिळते. मी हातोडीने ठोकत जातो तेव्हा जिथे टणक आवाज जाऊन पोकळ आवाज येतो, तिथे खपली सुटलेली असते, वरून रंग कितीही नीट असला तरी.

आता एक गोष्ट मी माझ्या अनुभवावरून सांगतो, कारण वीस वर्षं मी तिच्या उलट मानत होतो. भेग जितकी रुंद तितका गंज जास्त, असं आम्हाला शिकवलं होतं आणि मीही कनिष्ठांना तेच शिकवलं. खाऱ्या पाण्यावरच्या एका धक्क्याचे बीम उघडले तेव्हा पट्टीने मोजलेल्या रुंद भेगांपाशी सळई बऱ्यापैकी शाबूत होती आणि दोन भेगांच्या मधल्या भागात, जिथे वरून काही दिसत नव्हतं, तिथे सळईला खड्डे पडले होते. मी चक्रावलो. नंतर फ्रान्समध्ये तुलूजला ठेवलेल्या बीमांबद्दल वाचलं. राउल फ्रांस्वा आणि जिनेत आर्लिगी यांच्या गटाने १९८४ पासून तीन-तीन मीटरचे बीम वाकवून, तसेच भाराखाली ठेवून मिठाच्या धुक्यात ठेवले होते, दर लिटर पाण्याला ३५ ग्रॅम मीठ. काही बीम वीस वर्षांहून जास्त काळ तसेच राहिले. त्यांनाही दिसलं की वापरातल्या भाराने पडणाऱ्या बारीक भेगांची रुंदी पुढच्या गंजाची गती ठरवत नाही. भारामुळे सळई आणि काँक्रीट यांची पकड कुठे ढिली झालीय, ताणाच्या बाजूचं काँक्रीट आतून किती दुखावलंय, यावर जास्त अवलंबून असतं. सळई काँक्रीटमध्ये किंचित सरकते, तिच्या अंगालगत एक फट राहते, ती वरून दिसत नाही.

याचा अर्थ भेगेची रुंदी मोजू नये असा कुणी घेऊ नये. भेगेतून पाणी वाहतं तेव्हा प्रवाह रुंदीच्या घनावर जातो, रुंदी दुप्पट म्हणजे पाणी आठपट. टाकीसाठी, गळतीसाठी ती रुंदी फार मोलाची. आणि बारीक भेगेतून पाणी सावकाश झिरपत राहिलं तर कॅल्शियम कार्बोनेट साचून ती बुजतेही. पण बुजायला ती स्थिर हवी. भार येतोय-जातोय, भेग उघडतेय-मिटतेय, तर साचलेलं दर वेळी तुटतं.

---

चाकाखाली

हातोडाकाकांनी शेवटच्या वाक्यात माझ्या विषयाचं दार उघडलं. मी पुलांच्या स्लॅबवर काम करतो आणि या धाग्यावर आतापर्यंत सगळी चर्चा स्थिर भाराची चाललीय. येणारा-जाणारा भार ही वेगळी गोष्ट आहे.

कोरड्या काँक्रीटवर भार एक कोटी वेळा चढवला-उतरवला तर ते स्थिर ताकदीच्या साधारण ५५ टक्क्यांवरच थकून तुटतं, आणि पोलादासारखी "याच्या खाली कितीही वेळा द्या, तुटणार नाही" अशी स्पष्ट सीमा काँक्रीटला सापडत नाही. आता त्यात पाणी घाला. भेगेत पाणी भरलंय, वरून चाक आलं, भेग मिटायला लागली. पाणी दाबता येत नाही, ते भेगेच्या टोकाकडे जोराने ढकललं जातं आणि टोक पुढे सरकतं. चाक गेलं, भेग उघडली, पाणी पुन्हा आत ओढलं गेलं. त्यातच भेगेच्या दोन्ही भिंती एकमेकींवर घासतात, त्यांची पूड होते आणि पाणी ती पूड धुऊन बाहेर नेतं. जपानमध्ये शिगेयुकी मात्सुई यांनी चाक पुढेमागे फिरवणारं यंत्र करून स्लॅब तपासले. वर पाणी ठेवलेला स्लॅब कोरड्याच्या मानाने कितीतरी पट लवकर गेला. अशा स्लॅबचा वरचा थर उकरला तर काँक्रीट उरलेलंच नसतं, सुटी खडी हातात येते. मी ती ओंजळीत घेऊन पाहिली आहे. लुकण धुऊन गेलेली, खडी जशी खाणीतून आली तशी.

बर्फाच्या प्रदेशात हेच आणखी वाईट. पाणी गोठताना ९ टक्के वाढतं. चीनमध्ये सुन वेई यांच्या गटाने १९९९ मध्ये भाराखालचे नमुने गोठवले-वितळवले. भार जितका जास्त, तितक्या कमी फेऱ्यांत नमुना गेला. पोलादी तंतू आणि मुद्दाम सोडलेले हवेचे बुडबुडे असलेलं काँक्रीट जास्त टिकलं.

मिठातलं_काँक्रीट, तुमच्या चौकटीत आठवड्याला एक फेरी ओलं-कोरडं होते आणि भार स्थिर. माझ्या मते तुम्ही पुढच्या फेरीत दोनच प्रिझम घ्या आणि त्यांचा भार दर आठवड्याला उतरवून पुन्हा चढवा. यंत्र लागत नाही, जॅक आहेच.

---

जुना_हातोडा

चाकाखाली यांनी सांगितलेल्या खडीचं वाचून बरं वाटलं. हातात घेऊन पाहिलेलं माणूस विसरत नाही.

धागाकर्तीला आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. तुमचे मार्गदर्शक बहुधा असा विचार करताहेत की भाराचं नुकसान वेगळं काढावं, मिठाचं वेगळं, आणि दोन्हींची बेरीज करावी. म्हणूनच ११ मिमी त्यांना चूक वाटतं, कारण बेरजेत आकडा कमी होऊच शकत नाही. त्यांना जेराल्ड पिकेट यांचं काम दाखवा, १९४२ चं. एक नमुना नुसता वाळवला, तो आकसला. एक झाकून भाराखाली ठेवला, तो हळूहळू दबला. तिसरा भाराखालीच वाळवला, तो पहिल्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त बदलला. ऐंशी वर्षं झाली, त्याला अजून पिकेट इफेक्ट म्हणतात आणि त्याच्या कारणांवर अजून लिहिलं जातंय. बेरजेपेक्षा जास्त येऊ शकतं तसंच कमीही येऊ शकतं, तुमच्या ३० टक्क्यांनी ते दाखवलं. भार मिठाच्या वाटा बदलतो आणि मीठ-पाणी भार सोसायची ताकद बदलतं. ५३व्या रात्री दुसरं घडलं, १२०व्या दिवशी तुम्ही पहिलं मोजलंत.

दिशेचंही तसंच. सिमेंटमधली अल्कली आणि खडीतली सिलिका यांच्या प्रक्रियेने काँक्रीट फुगतं ना, ते भाराच्या दिशेने कमी फुगतं आणि जिथे अडवणारं कुणी नाही तिथे जास्त. म्हणून खांबावर त्या भेगा उभ्या दिसतात आणि बिनभाराच्या ठोकळ्यावर नकाशासारख्या चहूकडे. भेगेची दिशा पाहून मी आधी भार कुठून कुठे जातोय ते ओळखतो.

---

दाबयंत्र

सिल्व्हर नायट्रेटबद्दल थोडं. पांढऱ्याची सीमा म्हणजे क्लोराइड तिथे संपलं असं नसतं, तिथे ते एका ठराविक प्रमाणाच्या खाली गेलं एवढंच. तुमच्या दातेरी सीमेची सरासरी काढू नका. दर १० मिमीवर खोली मोजा आणि सगळे आकडे तक्त्यात द्या. जिथे दात आहे, तिथे भेग आहे का ते भिंगाखाली पाहा. आणि जमलं तर प्रत्येक गटातल्या एका नमुन्याची २-२ मिमी थरांची पूड काढून क्लोराइड टायट्रेट करा (रसायन थेंबाथेंबाने घालून त्याचं प्रमाण मोजा). परीक्षकासमोर सीमारेषेपेक्षा तो आलेख जास्त टिकतो.

---

मिठातलं_काँक्रीट

उशीर झाला, पण आता हातात आकडे आहेत.

शुक्रवारी तिन्ही प्रिझम तोडले. ३६.९, ३७.४ आणि ३८.५ एमपीए. सरासरी ३७.६. म्हणजे माझे "३० टक्के" खरे ३८ टक्के होते आणि "६० टक्के" खरे ७७. दाबयंत्रताई, तुमचा अंदाज एका टक्क्याने चुकला, तोही माझ्या प्रिझमच्या बाजूने! अर्थात तोडायच्या दिवशी त्यांचं वय २८ दिवसांपेक्षा बरंच जास्त होतं, म्हणजे ५३व्या दिवशी प्रमाण याहून चढं असण्याचीच शक्यता. तेही लिहिणार आहे.

तक्त्यातला स्तंभ बदलला. आता तिथे क्यूबचे टक्के नाहीत, प्रिझमचे आहेत. दोन्ही वेळा नट पाव-पाव फेरा फिरला त्यावरून किती भार उतरला होता तेही काढलं. आट्याचं अंतर ३ मिमी, म्हणजे पाव फेऱ्याला पाऊण मिमी, आणि स्प्रिंगांच्या चळतीच्या आलेखावरून तो भार १० टक्क्यांच्या थोडा वर निघाला. म्हणजे १४व्या दिवसापर्यंत फुटलेल्या प्रिझमवरचा भार ७७ वरून सत्तरच्या खाली सरकला होता, आणि मी स्वतः पान्हा घेऊन तो परत ७७ वर नेला. ३०व्या दिवशी पुन्हा. त्यानंतर तेवीस दिवसांनी प्रिझम फुटला.

फुटलेल्या प्रिझमचे तुकडे मी टाकले नव्हते, पिशवीत होते. तुटलेल्या तिरक्या पृष्ठभागावर काल सिल्व्हर नायट्रेट फवारलं. इतर नमुन्यांत ५३ दिवसांत मीठ जास्तीत जास्त आठ-नऊ मिमी जायला हवं होतं. इथे एका कडेला ते ४० मिमी आत होतं, एका अरुंद पट्ट्यात, आणि तो पट्टा त्या दोन उभ्या रेषांपैकी एकीच्या बरोबर मागे आहे. बाकीचा पृष्ठभाग तपकिरी. फुटल्यावर पाणी आत गेलं असतं तर सगळाच पांढरा झाला असता. म्हणजे भेग आधी होती, मीठ तिच्यातून आधीच आत जात होतं.

मार्गदर्शकांना तुकडा नेऊन दाखवला. बराच वेळ हातात धरून बघत होते. मग म्हणाले, याचा वेगळा भाग लिही, आणि पुढच्या चौकटींसाठी स्ट्रेन गेज मागवायचं पत्र मीच देतो.

पुढची मांडणी अशी ठरलीय: प्रिझमच्या ताकदीच्या ०, ३०, ५० आणि ६५ टक्के, प्रत्येक रॉडवर गेज, आणि चाकाखाली यांनी सुचवल्याप्रमाणे दोन प्रिझमचा भार दर सोमवारी उतरवून चढवायचा. निम्मे प्रिझम उभे ओतणार, निम्मे आडवे. काका, उभे ओतलेल्यांत मिठाची उघडी बाजू साच्याची कड ठेवू की काही वेगळं सुचवाल? पुढच्या बुधवारी ओतायचं आहे.

---

जुना_हातोडा

साच्याचीच कड ठेवा, दोन्हींत एकच बाजू असू दे, नाहीतर ओतण्याची दिशा आणि पृष्ठभागाचा फरक एकमेकांत मिसळतील. उभ्या साच्यात वरचे २०-३० मिमी पाणी चढून कच्चे राहतात, तिथलं मोजमाप घेऊ नका. आणि तो पिशवीतला तुकडा मेणात बुडवून ठेवा, हवेत राहिला तर कार्बोनेशन होऊन पुढच्या वेळी रंग नीट दिसणार नाही.